वाणाच्या ६० बरण्या आणि आईंच्या डब्याचं झाकण

पत्र थोडक्यात असं आहे. नागपूरची एक मैत्रीण लिहिते, लग्नाला चार वर्षं झाली, सासूबाई सोबतच राहतात. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तिने इतवारीतून ६० छोट्या काचेच्या बरण्या आणल्या, त्यात तिळाच्या वड्या भरून द्यायच्या आहेत. प्रत्येक बरणीवर किमतीचं स्टिकर आहे, आणि किंमत दिसेल असं वाण देऊ नये असं सासूबाईंचं म्हणणं. स्टिकर ओढलं की वरचा कागद निघतो, खालचं पांढरं अस्तर आणि चिकटा तसाच राहतो. सासूबाई म्हणाल्या रात्रभर पाण्यात टाकून ठेव, हिला ते जुन्या काळातलं वाटलं. नवरा म्हणाला गाडीतून थोडं पेट्रोल काढून देतो. शेवटी दिराने हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आणून दिलं, ८ बरण्या मस्त निघाल्या, आणि त्याच भरात हिने तोच बोळा सासूबाईंच्या तिखट-मिठाच्या डब्याच्या पारदर्शक झाकणावर फिरवला, कारण तिथेही एक जुना चिकटा होता. झाकण जागच्या जागी पांढरं, धुरकट झालं. हा डबा सासूबाईंना त्यांच्या भावाने भाऊबीजेला दिलेला. घाबरून हिने तो माळ्यावर ठेवून दिला आणि विचारल्यावर "मावशींनी भांडी घासताना कुठे ठेवला असेल" असं सांगून मोकळी झाली. आता तिचे प्रश्न दोन. सगळ्यावर चालेल असं एकच काहीतरी सांगा, आणि ते झाकण पूर्वीसारखं होईल का. हळदीकुंकू आठ दिवसांवर आलंय.

मैत्रिणी,

तुझ्या प्रश्नातल्या एका शब्दापाशी आधी थांबू. "एकच". हा शब्द मला जवळपास प्रत्येक पत्रात सापडतो, कुणाला फ्रिजवरचं स्टार रेटिंगचं लेबल काढायचं असतं, कुणाला पोराने कपाटावर चिकटवलेली कार्टूनं, कुणाला नवीन पुस्तकावरचा किमतीचा चिटोरा, आणि सगळ्यांना हवं असतं एक जालीम औषध. पण अगं, जे चिकट्याला विरघळवतं त्याला कुठे माहीत की चिकटा कुठे संपला आणि आईंचं झाकण कुठे सुरू झालं. थिनरने तुझ्या ८ बरण्या चकाचक केल्या कारण काच थिनरला दाद देत नाही. झाकणाचं प्लास्टिक दाद देतं. थिनर तेच, बोळा तोच, हात पण तोच, फक्त खालची वस्तू बदलली. म्हणून चिकटा कशाने जाईल हे नंतर विचारायचं, चिकटा कशावर बसलाय हे आधी बघायचं, आणि मी आज जे काही लिहून राहिली ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

हे मी महागात शिकले. बाबांचा एक जुना रेडिओ आहे, ते गेल्यावर मी माझ्याकडे आणला. डायलवर सेलोटेपचा एक तुकडा होता, वर्षानुवर्षं तिथेच, पिवळा पडून काचेसारखा कडक झालेला. वाटलं बाबांची वस्तू जरा नीट करू. कापसावर नेलपेंट रिमूव्हर घेतलं आणि हलक्या हाताने पुसलं, दोन-तीनदाच. कापसावर काळं आलं, मला वाटलं मळ निघून राहिला. तो मळ नव्हता, डायलवरचे आकडे होते. तिथलं प्लास्टिक आता सुरकुतलंय, आणि सकाळच्या बातम्यांना बाबा काटा जिथे आणून थांबवायचे ती जागा मला अंदाजाने शोधावी लागते. त्यामुळे ते झाकण हातात धरून तुला काय वाटलं असेल ते मला कळतं.

आता हा चिकटा म्हणजे काय ते थोडं समजून घे. पूर्वी लेबलं खळीने नाहीतर गोंदाने चिकटवायचे, कणकेची खळ, डिंक, असलंच काहीतरी, आणि ते सगळं पाण्यात विरघळणारं. स्वतःच चिकटणारं लेबल आलं १९३५ मध्ये, अमेरिकेत स्टॅन्टन एव्हरी नावाच्या माणसाने ते बनवलं, पाठीमागचा कागद काढायचा आणि दाबायचं. ही पद्धत मग जगभर पसरली आणि आज तुझ्या बरणीवर आहे. याचा चिकटा रबरासारखा असतो नाहीतर अ‍ॅक्रिलिक जातीचा, तो कधीच पूर्ण वाळत नाही, ओलसर-चिकट राहणं हेच त्याचं काम, आणि पाण्याला तो जुमानत नाही. म्हणजे सासूबाई चुकीचं बोलल्या का, तर नाही, त्या अर्ध्या बरोबर आहेत, आणि तो अर्धा भाग तू सोडून दिलास म्हणून तुला थिनरपर्यंत जावं लागलं. कारण तुझ्या बरणीवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक कागदाचं अस्तर आणि एक त्याखालचा चिकटा. कागदाला पाणी लागतं. चिकट्याला तेल लागतं. कागद तसाच ठेवून वरून तेल चोळलं तर तेल खालपर्यंत जायला वेळ लागतो, आणि चिकट्यावर नुसतं पाणी ओतत बसलं तर दिवसभर बस, तो हलणार नाही.

तेल का, हे तुला माहीतच आहे, फक्त इथे आठवलं नाही. फणस कापायच्या आधी आपण हाताला आणि विळीला तेल लावतो की नाही? तो चीक साबणाने जात नाही, पाण्याने तर आणखीच ओढला जातो, पण तेलाचा हात फिरवला की गोळा होऊन निघून येतो. स्टिकरचा चिकटा त्याच स्वभावाचा. तेल हळूहळू त्याच्यात शिरतं, तो फुगतो, मऊ पडतो आणि वस्तूवरची पकड सोडतो. थिनर हेच काम दहा सेकंदात करतं, तेलाला वीस मिनिटं लागतात, पण त्या वीस मिनिटांत तुझं काही बिघडत नाही, तू तोवर वड्यांचा पाक बघू शकतेस.

आता तुझ्या उरलेल्या ५२ बरण्या. सगळ्यात आधी झाकणं काढून बाजूला ठेव, हे विसरू नको, कारण झाकणाच्या आत जी मऊ पट्टी असते ती वास आणि तेल दोन्ही धरून ठेवते, एकदा धरला की सोडत नाही. मग एका बरणीवरच्या स्टिकरचा कोपरा फाडून बघ. कडेला कापसासारखे तंतू दिसले तर तो कागद आहे, ताणला जाऊन लांबला तर प्लास्टिकचं स्टिकर आहे. तू अस्तर राहतं लिहिलंस म्हणजे कागदच असणार. रात्री मोठ्या टबमध्ये नाहीतर गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, कोमट पाणी घे, त्यात भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब आणि दोन चमचे धुण्याचा सोडा, आणि बरण्या आडव्या बुडवून झोपून जा. सकाळी कागद लिबलिबीत झालेला असतो, अंगठ्याने ढकलला की सुरळी होऊन निघतो. सुरी, ब्लेड, तारेची घासणी काहीच घेऊ नको, काचेवर बारीक ओरखडे पडले की ते उन्हात धरल्यावर दिसतात आणि मग आयुष्यभर दिसत राहतात.

कागद गेला की बरणी पुसून कोरडी कर, ओल्या काचेवर तेल काम करत नाही. खायचा सोडा आणि तेल एकत्र करून उटण्याइतपत घट्ट कालव, चिकट्यावर थापून दे आणि वीस मिनिटं, अर्धा तास सोडून दे. मग सुती चिंधीने गोल गोल घास. तुला बोटाखाली कळेल, आधी चिंधी अडकते, मग एका क्षणी सरकायला लागते आणि राखाडी रंगाच्या बारीक शेवया निघतात, तो तुझा चिकटा. मग भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात धू, कारण आता काचेवर तेल आहे आणि तेही काढायचंच आहे. गेलं की नाही हे बघायचं असेल तर बरणीवर पाणी ओत, पाणी सपाट पसरलं तर काच स्वच्छ, थेंब थेंब होऊन थांबलं तर तेल अजून आहे. एका बरणीला हाताची चार मिनिटं धर, ५२ बरण्यांना साडेतीन तास, दोघी बसल्या तर पावणेदोन. आठ दिवस हातात असताना याला थिनर लागतच नव्हतं गं.

प्लास्टिकचं स्टिकर निघालं तर भिजवून उपयोग नाही, पाणी आत जातच नाही, तिथे उष्णता वापर. बरणी आधी कोमट पाण्याने विसळून घे, जानेवारीतल्या गार काचेत एकदम उकळतं पाणी ओतलं तर तडकते, आणि मग आतून चांगलं गरम पाणी भरून दोन मिनिटं थांब. बरणी फडक्याने धर, स्टिकरचा कोपरा उचल आणि त्याला स्वतःवरच दुमडत सावकाश ओढ. झटका दिला की फाटतं. स्टीलच्या वाट्या, ताटल्या वाण म्हणून आणणाऱ्यांनी पण हीच युक्ती करायची, वाटी पालथी करून स्टिकरच्या उलट्या बाजूने गॅसच्या बारीक आचेवर दहा-पंधरा सेकंद फिरवायची आणि गरम असतानाच कपड्याने धरून स्टिकर ओढायचं, पूर्ण निघून येतं. जास्त वेळ धरू नका, स्टीलवर निळसर डाग पडतो.

तेल कोणतं, यावर थोडं जास्त बोलते कारण इथे आपल्याकडे एक चूक सर्रास होते. खोबरेल तेल उत्तम. सध्याच्या थंडीत शिशीत गोठलेलं असेल, साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतंच, तर शिशी थोडा वेळ गरम पाण्यात ठेव. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल पण चालतं. पण जवसाचं तेल घेऊ नको. विदर्भात घरोघरी असतं, हाताशी असतं म्हणून लोक घेतात, आणि जवसाचं तेल हवेत राहिलं की स्वतःच सुकून चिवट पापुद्रा धरतं, म्हणून तर ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात. एक चिकटा काढायला जाशील आणि दुसरा लावून बसशील. शिवाय जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर सुकताना त्या आतल्या आत तापतात आणि कधी कधी पेटतात, ही खरी गोष्ट आहे, सुतारकाम करणाऱ्यांना विचारा. कुणी वापरलंच असेल तर चिंध्या पाण्यात भिजवा नाहीतर पसरून वाळवा.

आणि मग आपलं संत्रं. आंबिया बहाराची शेवटची संत्री आहेत, मृगाची यायची आहेत, म्हणजे घरात साली असणारच. लहानपणी साल दाबून दिव्याच्या ज्योतीवर फवारा उडवायचो आणि चटचट ठिणग्या उडायच्या, आठवतं? तो फवारा म्हणजे सालीतलं तेल, त्यात मुख्य असतं लिमोनीन, आणि लिमोनीन हा चिकट्यासाठी फार चांगला द्रव आहे, साध्या खायच्या तेलापेक्षा भराभर काम करतो. स्टिकर काढायच्या बऱ्याच तयार बाटल्यांमध्ये हेच असतं, त्यांना संत्र्याचा वास येतो तो उगाच नाही. ताजी साल घे, बाहेरची केशरी बाजू चिकट्याकडे करून दुमडून दाब आणि तिनेच घास, एक-दोन मिनिटांत चिकटा गोळा व्हायला लागतो. ५२ बरण्यांना एवढ्या साली कुठून आणणार, तर सोडा-तेलाने झाल्यावर जे हट्टी ठिपके राहतात तेवढ्याला साल वापर. साली व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवायचा जो प्रकार सगळीकडे सांगतात त्याच्या मागे लागू नको, सालीतलं तेल पाण्यासारख्या गोष्टीत फारसं उतरत नाही, आणि व्हिनेगर स्वतः चिकट्याला काही करत नाही.

पण घरचं आहे, फळाचं आहे म्हणून निर्धास्त राहायचं असं पण नाही. थर्मोकोलचा एक तुकडा घे आणि त्यावर ही साल पिळ. डोळ्यासमोर खड्डा पडतो. थर्मोकोल आणि ते कडक, काचेसारखं पारदर्शक, टिचकी मारली की टणटण वाजणारं स्वस्त प्लास्टिक, दोन्ही एकाच घरातले, पॉलिस्टायरिन. तुझ्या सासूबाईंच्या डब्याचं झाकण एकतर याचं असेल नाहीतर अ‍ॅक्रिलिकचं, आणि दोघांनाही थिनर, नेलपेंट रिमूव्हर लागलं की संपलं. असल्या वस्तूवर चिकटा असेल तर फक्त खायचं तेल, कोमट साबणाचं पाणी आणि धीर. नाहीतर सेलोटेपचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळून चिकट्यावर टपटप मारायचा, ताजा चिकटा टेपसोबत उचलला जातो, हे मला फार आवडतं कारण यात काहीच ओतावं लागत नाही.

प्लास्टिक ओळखायचं कसं, तर डब्याच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो. २ आणि ५ आकडा असलेलं प्लास्टिक बऱ्यापैकी दणकट, दुधाचे कॅन, जेवणाचे मऊसर डबे, यांच्यावर सॅनिटायझर, स्पिरिट चालून जातं. १ म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं, त्यावर रिमूव्हरने पांढरा डाग पडू शकतो. ६ आणि ७ ला तेलाशिवाय काही लावू नये. आकडाच नसेल तर बुडाला, न दिसणाऱ्या जागी एक थेंब लावून पाच मिनिटं थांबा आणि बोट फिरवून बघा, जागा चिकट किंवा खरखरीत लागली तर तो द्रव त्या वस्तूसाठी नाही. पाच मिनिटांचा हा प्रयोग मी केला असता तर बाबांचा रेडिओ जसा होता तसा राहिला असता.

इतर वाचणाऱ्यांसाठी भराभर सांगते. फ्रिजवरचं जुनं लेबल हेअर ड्रायरने गरम करून ओढा, राहिलेल्यावर निलगिरीचं तेल, मेडिकलमध्ये छोटी शिशी मिळते, मग साबणाच्या फडक्याने पुसा. गाडीच्या काचेवरचं स्टिकर आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दोन-तीन उन्हाळ्यांनंतर भाजून कडक होतं, ते ड्रायरशिवाय हलत नाही, आणि ड्रायर एका जागी धरून ठेवायचा नाही, फिरवत राहायचा. गाडीच्या रंगावर नेलपेंट रिमूव्हर अजिबात नको, रंग निघतो. सागवानी फर्निचरला स्पिरिट पॉलिश असेल तर सॅनिटायझर लावायचं नाही, ते पॉलिश लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्येच विरघळते, २०२० मध्ये कितीतरी घरातल्या टेबलांवर ते पांढरे डाग पडले ते यामुळेच. तिथे कापसावर थोडं खोबरेल, आणि लगेच कोरड्या कपड्याने पुसणं. पुस्तकावर तेल नको, कागद तेल पिऊन कायमचा डागाळतो, ड्रायरने कोमट करा, हळू ओढा आणि उरलेलं साध्या खोडरबराने.

पेट्रोलबद्दल मात्र मी भराभर सांगणार नाही. तुझ्या नवऱ्याने प्रेमाने सुचवलं असेल, पण घरात पेट्रोल उघडायचं नाही म्हणजे नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपास सुद्धा पेट घेण्याइतकी होते, आपल्या इथली जानेवारीची थंडी त्याच्यासमोर काहीच नाही. ती वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून खिडकीतून जात नाही, फरशीवरून सरपटत जाते, आणि संक्रांतीच्या आठवड्यात आपल्या घरात काय काय पेटलेलं असतं ते आठव, पाकाचा गॅस, देवघरातली समई, उदबत्ती. शिवाय त्यात बेंझिन असतं, ज्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय, आणि तू खायच्या बरण्यांबद्दल विचारून राहिली. थिनर पण त्याच पंगतीतलं, म्हणून उरलेलं थिनर घट्ट बूच लावून गॅसपासून लांब, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेव आणि पुढे कधी काच किंवा लोखंड साफ करायचंच झालं तर गच्चीवर ने. रॉकेलने चिकटा निघतो, आपल्या आया तेच करायच्या, पण वास दोन-दोन दिवस जात नाही. आणि एक, स्पिरिट किंवा रिमूव्हर वापरलं त्या जागी ब्लीच ओतू नका, त्यातून क्लोरोफॉर्मसारखे विषारी पदार्थ तयार होतात. संडास-बाथरूममधल्या टाइल्सवरचं स्टिकर काढताना हे हमखास होतं.

किमतीचं बोलायचं राहिलं. काढायलाच पाहिजे का, हा विचार तू केलाच नाहीस, सासूबाई म्हणाल्या म्हणून सरळ कामाला लागलीस. दुसरा रस्ता होता, स्टिकरच्या मापाचं आपलं छान लेबल करून बरोबर वरून चिकटवायचं, "तिळगूळ घ्या" लिहून, एका संध्याकाळी ६० झाले असते. मला विचारशील तर मी तरी काढेन, कारण घरी नेऊन बाई ती बरणी वापरणार, धुणार, वरचं लेबल सुटणार आणि खालून ८० रुपये की जे काय असेल ते निघणार. आणि आईंचं म्हणणं मला पटतं पण, वाण म्हणजे सवाष्णीच्या ओटीत घातलेली वस्तू, त्यावर आकडा नको. पण वेळ कमी असता, घरात आजारपण असतं, तर मी विनासंकोच लेबल चिकटव म्हटलं असतं.

आता झाकण. पूर्वीसारखं होणार नाही, हे तुला सरळच सांगते. ते धुरकट दिसतंय तो डाग नाही, घाण नाही, प्लास्टिकचा वरचा थर विरघळून पुन्हा वेडावाकडा सुकलाय, त्यामुळे धुवून काही होणार नाही. नखाने बघ. वरवरचा खरखरीतपणा असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून अगदी हलक्या हाताने, बाहेरच्याच बाजूने, आणि मग गाडीला लावतात ते रबिंग कंपाउंड कपड्यावर घेऊन गोल गोल, याने निम्मं-अर्धं स्वच्छ होतं, नंतर साबणाने नीट धुवायचं. पण उजेडात धरल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर काही करू नको, त्या जात नाहीत आणि असलं झाकण तिखट-मिठावर ठेवू पण नये, कधी तुकडा पडेल सांगता येत नाही. मग डबाच सोबत घेऊन इतवारीत भांड्याच्या दुकानात जायचं आणि मापाचं झाकण बघायचं, तोंडाचं माप टेपने घेऊन नको जाऊ, डबा ने, अर्ध्या सुताने पण झाकण बसत नाही. डबा तर तोच आहे, त्यांच्या भावाने दिलेला, स्टीलला काही झालं नाही.

पण दुकानात जायच्या आधी एक काम आहे आणि ते तू पत्रात एका ओळीत उरकलंस. मावशी. तू घाबरलीस, तोंडातून निघून गेलं, मला समजतं. पण तुझ्या घरात त्या रोज भांडी घासायला येतात आणि या क्षणी तुझ्या सासूबाईंच्या मनात त्यांच्याबद्दल एक शंका आहे, जी तू ठेवलीस. कामाला जाणाऱ्या बाईचं सगळं भांडवल म्हणजे विश्वास, आणि डबा हरवल्याची गोष्ट एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या स्वयंपाकघरात जायला हळदीकुंकवासारखा दुसरा दिवस नाही, पन्नास-साठ बाया घरी येणार आहेत. तुला वाटून राहिलं की झाकण नीट झालं की सगळं नीट होईल, म्हणून तू मला झाकणाचं विचारलंस. मला वाटतं झाकण तसंच घेऊन आजच त्यांच्यासमोर जा, नवीन झाकण लावून झाकपाक करून नको. सरळ म्हण, "आई, डबा मावशींनी नाही ठेवला, मी ठेवला. थिनरने झाकण खराब झालं आणि मी घाबरले." त्या रागावतील, कदाचित दोन दिवस कमी बोलतील, भावाची वस्तू आहे, त्यांना तेवढा हक्क आहे. मावशींना त्यांनी काही विचारलं असेल तर मावशींशी पण तूच बोल, सासूबाईंवर सोडू नको.

आणि मग संध्याकाळी टब काढ आणि त्यांना सांग की तुम्ही म्हणाल्या तसं पाण्यातच टाकते. खुशामत म्हणून नको सांगू, ते खरंच बरोबर होतं म्हणून सांग. त्यांनी आयुष्यात किती बरण्यांची लेबलं भिजवून काढली असतील, त्यांचा अंगठा तुझ्यापेक्षा भराभर चालेल.

त्या ८ बरण्यांचं सांगायचं राहिलं. काचेत थिनर मुरत नाही, दोनदा साबणाने गरम पाण्यात धुतल्या आणि दोन दिवस उन्हात पालथ्या न ठेवता उघड्या तोंडाने ठेवल्या तर त्या वड्यांना चालतील. पण त्यांची झाकणं लावलेली असतानाच तू बोळा फिरवला असशील तर प्रत्येक झाकण बरणीला लावून रात्रभर ठेव, सकाळी उघडून लगेच वास घे. जराही वास आला तर ते झाकण वापरू नको. इतवारीत जातेच आहेस, तर तेवढी झाकणं पण नवीन घेऊन ये.